ग्राही, समीकरण आणि निवड : औषध-ग्राही आंतरक्रियेची गणिती प्रतिमाने व उत्क्रांतिनिष्ठ अल्गोरिदम यांचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

औषध शरीरात नेमके कोठे व कसे कार्य करते, या प्रश्नाला गणिती रूप देण्याचा प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. ज्या ग्राहीचे गणित मांडले जात होते तो ग्राही प्रत्यक्ष कोणी पाहिलेला नव्हता. याच काळाच्या पुढेमागे नैसर्गिक निवडीचे गणित स्वतंत्रपणे आकारास आले आणि संगणकाच्या आगमनानंतर त्यातील तत्त्व समस्या सोडविण्याचे साधन म्हणून वापरले जाऊ लागले. १९९० च्या दशकात हे दोन प्रवाह औषध-संशोधनात एकत्र आले. प्रस्तुत शोधनिबंधात या दोन्ही प्रवाहांचा कालानुक्रमे आढावा घेतला असून, समीकरणाशी जुळणारी आकडेवारी आणि वस्तुस्थितीचा पुरावा यांतील अंतर शास्त्रज्ञांनी वेळोवेळी कसे ओळखले, याचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : ग्राही, गणिती प्रतिमान, आसक्ती, परिणामक्षमता, जनुकीय अल्गोरिदम, डॉकिंग, विज्ञानाचा इतिहास.

प्रस्तावना

विज्ञानाच्या इतिहासाकडे आपल्याकडे बहुधा शोधांची आणि शोधकर्त्यांची नामावली म्हणून पाहिले जाते. इतिहास विभागात तो शिकविला जात नाही आणि विज्ञान विभागात प्रकरणाच्या आरंभीच्या एका परिच्छेदापलीकडे त्याला जागा मिळत नाही. परिणामी एखादे समीकरण कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून जन्मास आले, त्यात कोणती गृहीते होती आणि ती कोणी तपासली, हे विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचत नाही. औषध-ग्राही आंतरक्रियेचे गणित हे याचे ठळक उदाहरण होय. आज संगणकाच्या पडद्यावर एखाद्या प्रथिनाच्या खोबणीत औषधाचा रेणू बसविला जातो आणि त्यापुढे एक अंक उमटतो. तो अंक पाहणाऱ्याला त्यामागे शतकाहून अधिक काळाचा वाद, संशय व दुरुस्ती आहे याची कल्पना नसते. ही कल्पना करून देणे हा या लेखनाचा हेतू आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) ग्राही ही संकल्पना व तिचे गणिती रूप यांच्या विकासाचे टप्पे स्पष्ट करणे.
२) उत्क्रांतीच्या गणितापासून उत्क्रांतिनिष्ठ अल्गोरिदमांपर्यंतचा प्रवास मांडणे.
३) या दोन प्रवाहांच्या संगमाचे स्वरूप व मर्यादा तपासणे.

हा अभ्यास वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीने केला आहे. गणिताचा तपशील इतिहास समजण्यापुरताच दिला आहे.

ग्राहीची कल्पना : न दिसणाऱ्या वस्तूचा स्वीकार

दक्षिण अमेरिकेतील आदिवासी बाणांना लावीत असलेल्या क्युरारे या विषावर फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी १८५० च्या दशकात प्रयोग केले. विषाने जनावर निश्चल होते, परंतु स्नायूला थेट विद्युत उद्दीपन दिले असता तो आकुंचन पावतो, असे त्यांना आढळले. म्हणजे विषाचा परिणाम संपूर्ण देहावर सरसकट होत नसून विशिष्ट जागी होतो, हे ध्यानात आले. ती जागा कोणत्या द्रव्याची, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

त्या प्रश्नाला पहिले महत्त्वाचे उत्तर केंब्रिज येथील जॉन न्यूपोर्ट लँग्ली यांनी १८७८ मध्ये सुचविले. पायलोकार्पिनने मांजराच्या लाळग्रंथीचा स्राव वाढतो आणि ॲट्रोपिनने तो थांबतो. यांपैकी कोणता परिणाम वरचढ ठरेल हे दोन्ही द्रव्यांच्या सापेक्ष प्रमाणावर अवलंबून असते, हे पाहून लँग्ली यांनी असे अनुमान काढले की, मज्जातंतूंच्या टोकांशी किंवा ग्रंथीच्या पेशींत असे काही द्रव्य असावे की ज्याच्याशी ही दोन्ही औषधे संयोग पावू शकतात. आणि हा संयोग त्यांचे प्रमाण व रासायनिक आकर्षण यांच्या नियमाने घडत असावा. १८६४ मध्ये नॉर्वेतील गुल्डबर्ग व वागे यांनी मांडलेला मास ॲक्शनचा नियम, म्हणजे रासायनिक अभिक्रियेचा वेग अभिक्रियाकारकांच्या प्रमाणावर अवलंबून असतो हा सिद्धान्त, येथे जीवशास्त्राच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहिलेला दिसतो.

१९०५ मध्ये लँग्ली यांनी कोंबडीच्या स्नायूवर निर्णायक प्रयोग केला. मज्जातंतू कापून तो नष्ट होऊ दिल्यानंतरही निकोटिनने स्नायू आकुंचन पावला व क्युरारेने हे आकुंचन रोखले. क्युरारे दिलेला स्नायू थेट उद्दीपनास मात्र प्रतिसाद देत होता. सबब औषध मज्जातंतूवर कार्य करीत नाही आणि आकुंचन पावणाऱ्या मूळ द्रव्यावरही करीत नाही. या दोहोंच्या मध्ये तिसरे काही असले पाहिजे. त्याला त्यांनी ग्रहणशील द्रव्य असे संबोधले.

जर्मनीत पाऊल एर्लिख यांचा प्रवास प्रतिकारशक्तीच्या अभ्यासातून याच दिशेने झाला. १८९७ मध्ये त्यांनी पार्श्वशृंखला सिद्धान्त मांडला आणि १९०० मध्ये रिसेप्टर हा शब्द रूढ केला. विशेष असे की, औषधांनाही असे ग्राही असतात हे मान्य करण्यास ते आरंभी तयार नव्हते; १९०७ च्या सुमारास त्यांनी ते स्वीकारले. एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये विकरांसाठी वापरलेली कुलूप-किल्लीची उपमा या सर्व विचारामागे होती. तथापि विरोधकही होते. वाल्टर श्ट्राउब यांच्या मते काही औषधे पेशीच्या आत शिरत असतानाच, म्हणजे आतील व बाहेरील प्रमाणांत फरक असेपर्यंतच परिणाम करतात. त्यासाठी ग्राही कल्पिण्याची गरज नाही. दोन्ही बाजूंच्या हाती प्रत्यक्ष पुरावा नव्हता. अशा स्थितीत वादाचा निवाडा गणिताकडे सोपविला जाणे स्वाभाविक होते.

हिल ते क्लार्क : समीकरणाचा उदय

लँग्ली यांच्याच प्रयोगशाळेत आर्चिबाल्ड व्हिव्हियन हिल हा विद्यार्थी काम करीत होता. केंब्रिजच्या गणित परीक्षेत तिसरा क्रमांक मिळवून तो शरीरक्रियाशास्त्राकडे वळलेला होता. १९०९ मध्ये, वयाच्या बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी, त्याने बेडकाच्या पोटाच्या स्नायूवरील निकोटिनच्या परिणामाचे आलेख काढले आणि ते एका साध्या सूत्रात बसतात असे दाखविले. ते सूत्र शब्दांत असे सांगता येईल : औषधाने व्यापलेल्या ग्राहींचे प्रमाण म्हणजे औषधाची संहती भागिले औषधाची संहती अधिक एक स्थिरांक. हा स्थिरांक म्हणजे ज्या संहतीला निम्मे ग्राही व्यापले जातात ती संहती होय.

या सूत्राचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होतो. स्थिरांक १० एकक मानल्यास १० एकक औषधाने ५० टक्के ग्राही व्यापले जातात, ३० एककाने ७५ टक्के, ९० एककाने ९० टक्के आणि ९९ टक्क्यांसाठी ९९० एकक लागतात. १० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत जाण्यास मात्रा ८१ पट वाढवावी लागते. मात्रा वाढवीत नेली तरी परिणाम त्याच प्रमाणात का वाढत नाही, या वैद्यकातील जुन्या अनुभवाला येथे गणिती कारण मिळाले. हेच रूप १९१३ मध्ये मिकाएलिस व मेंटेन यांच्या विकरविषयक समीकरणात आणि नंतर पृष्ठभागावर वायू शोषला जाण्याच्या लँगम्यूर यांच्या समीकरणात स्वतंत्रपणे अवतरले. हिल यांचे नाव मात्र हिमोग्लोबिन व प्राणवायू यांसंबंधीच्या १९१० मधील निराळ्या समीकरणाशी जोडले गेले आणि १९०९ चे काम दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले.

ग्राही सिद्धान्ताला परिमाणात्मक बैठक देण्याचे मुख्य श्रेय आल्फ्रेड जोसेफ क्लार्क यांना दिले जाते. १९२६ मध्ये त्यांनी बेडकाचे हृदय व पोटाचा स्नायू यांवरील ॲसिटिलकोलिनच्या परिणामाची काळजीपूर्वक मोजदाद प्रसिद्ध केली. पेशीच्या पृष्ठभागाचा अत्यल्प अंश व्यापण्याइतके रेणूही परिणाम घडवून आणतात, असे त्यांनी हिशेबाने दाखविले. म्हणजे औषध पेशीला सर्वत्र लेपून टाकीत नाही, तर मोजक्या विशिष्ट ठिकाणी बसते. १९३३ व १९३७ मधील त्यांच्या ग्रंथांनी या शाखेला पाया दिला. त्यांच्या मांडणीत एक साधे गृहीत होते : जितके ग्राही व्यापले जातील तितका परिणाम. हे गृहीत सर्वत्र लागू पडत नाही याच्या खुणा त्यांच्या स्वतःच्याच आकडेवारीत होत्या आणि त्यांनी त्या लपविल्या नाहीत.

समीकरणातील तडे : आसक्ती व परिणामक्षमता

क्लार्क यांच्या गृहीतातील उणीव पुढील पिढीने दूर केली. काही औषधे ग्राहीवर घट्ट बसतात, परंतु परिणाम अर्धवटच करतात. नेदरलँड्समधील आरिएन्स यांनी १९५४ मध्ये यासाठी अंगभूत क्रियाशीलता हा गुणक सुचविला. १९५६ मध्ये एडिंबरा येथील स्टीफन्सन यांनी अधिक मूलगामी बदल केला. ग्राहीवर बसण्याची ओढ म्हणजे आसक्ती आणि बसल्यावर परिणाम घडविण्याचे सामर्थ्य म्हणजे परिणामक्षमता, असे दोन स्वतंत्र गुण त्यांनी मानले. त्यामुळे थोडेच ग्राही व्यापूनही पूर्ण परिणाम साधणारी औषधे समजून घेता आली.

तथापि या दुरुस्तीतून नवी अडचण निर्माण झाली. १९५७ मध्ये देल कास्तिल्यो व कात्झ यांनी दोन पायऱ्यांचे प्रतिमान मांडले : प्रथम औषध ग्राहीवर बसते, नंतर ग्राहीचे रूप बदलून तो कार्यरत होतो. पहिली पायरी दुसरीशी जोडलेली असल्याने प्रयोगात मोजली जाणारी आसक्ती ही निव्वळ आसक्ती नसते. तीत परिणामक्षमतेचाही अंश मिसळलेला असतो. डेव्हिड कोल्कून यांनी १९९८ मध्ये या गुंत्याची सविस्तर चिकित्सा केली. आलेख सूत्राशी उत्तम जुळतो, पण सूत्रातील अंकाचा जो अर्थ आपण लावतो तो खरा असेलच असे नाही, हा या चर्चेचा धडा होय.

याच्या उलट एक पद्धत मात्र आश्चर्यकारकरीत्या टिकाऊ ठरली. गॅडम यांनी १९३७ मध्ये दोन औषधे एकाच ग्राहीसाठी स्पर्धा करीत असतील तर काय घडेल याचे समीकरण दिले. त्याच्या आधारे हाइन्झ शिल्ड यांनी १९४७ मध्ये व पुढे अरुणलक्षण यांच्यासमवेत १९५९ मध्ये विरोधक औषधाची आसक्ती मोजण्याची रीत बसविली. विरोधक दिल्यावर तोच परिणाम मिळविण्यासाठी उत्तेजकाची मात्रा किती पट करावी लागते, एवढेच यात पाहिले जाते. मात्रा दुप्पट करावी लागली तर विरोधकाची तेवढी संहती हाच त्याचा स्थिरांक. समान परिणामांचीच तुलना होत असल्याने ग्राही व परिणाम यांच्या दरम्यान काय घडते हे ठाऊक असण्याची गरज उरत नाही. ज्या पद्धतीने निसर्गाविषयी कमीत कमी गृहीत धरले, तीच सर्वाधिक विश्वासार्ह ठरली, ही बाब इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

अमूर्त ग्राहीपासून प्रत्यक्ष औषधापर्यंत

ग्राही ही केवळ सोयीची कल्पना आहे असे मानणारे शास्त्रज्ञ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत होते. अमेरिकेतील रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये ॲड्रिनॅलिनसदृश द्रव्यांच्या प्रभावाचा क्रम निरनिराळ्या अवयवांवर तपासला. दोनच क्रम वारंवार आढळल्याने ग्राहींचे अल्फा व बीटा असे दोन प्रकार असावेत असा निष्कर्ष त्यांनी काढला. हा लेख एका नियतकालिकाने नाकारला व दुसऱ्याने छापला. अनेक वर्षे त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पुढेही स्वतः आल्क्विस्ट ग्राहीला अमूर्त संकल्पनाच मानीत राहिले.

परंतु स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी या अमूर्त विभागणीवर विश्वास टाकला. हृदयावरील बीटा ग्राही अडविल्यास हृदयाची प्राणवायूची गरज कमी होईल या विचारातून त्यांनी इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीत काम केले व १९६४ मध्ये प्रोप्रॅनोलॉल हे औषध पुढे आले. त्यानंतर दुसऱ्या कंपनीत हिस्टामिनच्या एका ग्राहीला अडविणारे सिमेटिडिन त्यांच्या चमूने सिद्ध केले. ते १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये उपलब्ध झाले व जठरव्रणाच्या उपचाराची दिशा पालटली. १९८३ मध्ये ब्लॅक व लेफ यांनी परिणामक्षमतेचे सुधारित गणिती प्रतिमान दिले. १९८८ चे नोबेल पारितोषिक ब्लॅक यांना विभागून मिळाले. बीटा ग्राहीचे जनुक १९८६ मध्ये हाती आले, त्याची त्रिमितीय रचना २००७ मध्ये व कार्यरत अवस्थेतील रचना २०११ मध्ये उलगडली. लेफ्कोविट्झ व कोबिल्का यांना २०१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आल्क्विस्ट यांच्या अनुमानानंतर ग्राही प्रत्यक्ष दिसेपर्यंत सुमारे साठ वर्षे गेली. परंतु त्या अवधीत त्या अनुमानावर उभी राहिलेली औषधे असंख्य रुग्णांपर्यंत पोहोचली होती.

निवडीचे गणित : दुसरा प्रवाह

दुसऱ्या प्रवाहाचा विचार करताना एक नाव दोन्ही काठांवर आढळते. जे. बी. एस. हाल्डेन केंब्रिजमध्ये जीवरसायनशास्त्राचे अध्यापन करीत असताना त्यांनी १९२४ पासून नैसर्गिक व कृत्रिम निवडीच्या गणिती सिद्धान्तावरील लेखमाला सुरू केली. मँचेस्टर परिसरात औद्योगिक काजळीच्या काळात पतंगांची काळी जात ज्या वेगाने पसरली, त्यावरून त्या जातीला संततीच्या बाबतीत सुमारे ५० टक्के सरसता असली पाहिजे असे त्यांनी गणिताने काढले. लगेच १९२५ मध्ये ब्रिग्ज यांच्यासमवेत त्यांनी विकरक्रियेच्या समीकरणाची अधिक व्यापक सिद्धता दिली. रेणू व ग्राही यांच्या मीलनाचे गणित आणि जातींच्या बदलाचे गणित एकाच व्यक्तीच्या टेबलावर एकाच काळात होते. हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत त्यांनी काम केले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले.

१९३० मध्ये फिशर यांचा नैसर्गिक निवडीवरील ग्रंथ आला आणि १९३२ मध्ये सिवॉल राइट यांनी योग्यतेच्या भूप्रदेशाची प्रतिमा मांडली. जनुकांच्या प्रत्येक जुळणीला एक उंची आहे असे मानावे. निवड समूहाला चढावर नेते, परंतु एखाद्या लहान टेकडीवर पोहोचल्यावर पलीकडचे उंच शिखर हाती येत नाही. राइट यांची ही चिंता जीवशास्त्रीय होती. पुढे तीच संगणकतज्ज्ञांची मध्यवर्ती समस्या झाली.

१९५० मध्ये ॲलन ट्युरिंग यांनी शिकणाऱ्या यंत्राची तुलना उत्क्रांतीशी केली. १९५३ मध्ये प्रिन्स्टन येथे बारिचेल्ली यांनी संगणकाच्या स्मृतीत अंकांची उत्क्रांती घडवून पाहिली. ऑस्ट्रेलियात ॲलेक्स फ्रेझर यांनी १९५७ मध्ये जनुकीय व्यवस्थेचे संगणकीय अनुकरण केले. त्याच वर्षी जॉर्ज बॉक्स यांनी कारखान्यातील प्रक्रिया चालू ठेवूनच तीत लहान लहान बदल करून उत्तम ते निवडण्याची रीत मांडली व तिला उत्क्रांतीचेच नाव दिले. बॉक्स यांनीही १९४८ ते १९५६ या काळात इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीजमध्येच काम केले होते. ब्लॅक तेथे १९५८ मध्ये आले. दोघांची तेथे गाठ पडली नाही, परंतु दोन्ही प्रवाहांना औद्योगिक रसायनशास्त्राची एकच भूमी लाभली, हा योग नोंद घेण्याजोगा आहे.

१९६४ मध्ये बर्लिनच्या तंत्रविद्यापीठात रेखेनबर्ग व श्वेफेल यांनी वायुबोगद्यात बिजागऱ्यांनी जोडलेल्या पट्ट्यांचा आकार यादृच्छिक बदल करीत सुधारला. सरळ सपाट आकार सर्वांत कमी रोध करतो हे अपेक्षित उत्तर त्यातून मिळाले. अमेरिकेत फोगेल व सहकारी यांनी १९६६ मध्ये उत्क्रांतिनिष्ठ प्रोग्रॅमिंग मांडले. मिशिगन विद्यापीठातील जॉन हॉलंड यांच्या १९७५ च्या ग्रंथाने जनुकीय अल्गोरिदमला सैद्धान्तिक अधिष्ठान दिले व गोल्डबर्ग यांच्या १९८९ च्या पुस्तकाने तो अभियंत्यांपर्यंत नेला. या पद्धतीत संभाव्य उत्तरांचा एक समूह घेतला जातो, प्रत्येकाला गुण दिले जातात, सरस उत्तरांची अदलाबदल व अधूनमधून उत्परिवर्तन करून नवी पिढी तयार केली जाते आणि हेच चक्र पुन्हा फिरविले जाते. उत्तर अनेक टेकड्यांवरून एकाच वेळी शोधले जात असल्याने लहान टेकडीवर अडकण्याचा धोका कमी होतो, नाहीसा मात्र होत नाही.

संगम : १९९० चे दशक

औषध व ग्राही यांची जुळणी संगणकावर करण्याचा पाया १९८२ मध्ये कॅलिफोर्नियातील कुंट्झ व सहकाऱ्यांच्या डॉक या प्रणालीने घातला. त्यात दोन्ही रेणू ताठर मानले होते. प्रत्यक्षात औषधाचा रेणू अनेक बंधांभोवती वळू शकतो. समजा, वळणारे आठ बंध आहेत व प्रत्येकाच्या ३० अंशांच्या अंतराने १२ स्थिती तपासायच्या आहेत. तर एकूण जुळण्या ४२,९९,८१,६९६ होतात. रेणूची जागा व दिशा यांचे पर्याय यात धरलेलेच नाहीत. यांतील सर्वच जुळण्या शक्य नसतात. कोणती वळणे अणूंच्या आकारमानामुळे अशक्य ठरतात याचा प्रथिनांपुरता नकाशा मद्रास विद्यापीठातील गो. ना. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्येच दिला होता. तरीही उरलेला शोधप्रदेश अफाट होता आणि तेथेच उत्क्रांतिनिष्ठ अल्गोरिदम उपयोगी पडला.

शेफील्ड विद्यापीठातील जोन्स व विलेट आणि त्यांचे सहकारी ग्लेन यांनी १९९५ व १९९७ मध्ये गोल्ड ही जनुकीय अल्गोरिदमवर आधारलेली प्रणाली मांडली. प्रयोगाने रचना ज्ञात असलेल्या १०० जोड्यांवर तिची परीक्षा घेतली असता ७१ टक्के जोड्यांत योग्य बैठक सापडली. उरलेल्या २९ टक्क्यांचीही चिकित्सा त्यांनी प्रसिद्ध केली, हे विशेष होय.

अमेरिकेतील स्क्रिप्स संस्थेत गुडसेल व ओल्सन यांनी १९९० मध्ये ऑटोडॉक तयार केले होते. धातू हळूहळू थंड करून त्याला स्थिर रूप देण्याच्या क्रियेवरून घेतलेली शोधपद्धती त्यात होती. १९९८ मध्ये मॉरिस व सहकाऱ्यांनी तिच्या जागी लामार्कीय जनुकीय अल्गोरिदम आणला. यात प्रत्येक उत्तर आपल्या आसपास थोडे शोधून स्वतःला सुधारते आणि ती कमावलेली सुधारणा थेट पुढच्या पिढीला वारशाने देते. कमावलेले गुण संततीत उतरतात हे लामार्क यांचे मत जीवशास्त्राने मागे टाकले होते. संगणकात तेच निव्वळ निवडीपेक्षा सरस ठरले. निसर्गाचे नाव घेतलेल्या या पद्धती निसर्गाची प्रतिकृती नसून उपयुक्ततेसाठी केलेली उसनवारी आहे, हे यावरून स्पष्ट होते.

भारतीय योगदान याच काळातील आहे. आय. आय. टी. कानपूर येथील कल्याणमय देब व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेला एनएसजीए-दोन हा अल्गोरिदम परस्परविरोधी उद्दिष्टे एकाच वेळी सांभाळतो. औषध प्रभावी हवे, निवडक हवे आणि अपायकारक नको, या मागण्या नेमक्या अशाच स्वरूपाच्या आहेत.

अंकाचे मोल : एक चिकित्सा

शोध कितीही कार्यक्षम असला तरी त्याला दिशा देणारा गुणांक चुकीचा असेल, तर अल्गोरिदम चुकीचे उत्तरच अधिक तत्परतेने शोधून काढतो. १९९८ च्या ऑटोडॉकमधील ऊर्जेचे सूत्र ३० ज्ञात जोड्यांवरून बसविले होते व त्याची प्रमाण त्रुटी सुमारे २.१८ किलोकॅलरी प्रति मोल असल्याचे कर्त्यांनीच नमूद केले. सामान्य तापमानाला सुमारे १.३६ किलोकॅलरीचा फरक म्हणजे आसक्तीत दहा पट फरक होय. त्या हिशेबाने २.१८ किलोकॅलरी म्हणजे सुमारे ४० पट. एक औषध दुसऱ्यापेक्षा एक किलोकॅलरीने सरस आहे असे केवळ पडद्यावरील अंकावरून म्हणणे किती धाडसाचे आहे, हे यावरून कळून येईल.

शिवाय या अंकातून बैठकीचा अंदाज मिळतो, परिणामाचा नव्हे. एखादा रेणू ग्राहीवर उत्तम बसेल. तो ग्राहीला उत्तेजित करील की अडवील, हे त्यावरून सांगता येत नाही. स्टीफन्सन यांनी १९५६ मध्ये आसक्ती व परिणामक्षमता यांची जी फारकत केली, ती येथे विसरली जाण्याचा संभव असतो. १९९७ मध्ये वोल्पर्ट व मॅक्रेडी यांनी सिद्ध केले की, सर्व संभाव्य समस्यांचा एकत्र विचार केल्यास कोणतीही शोधपद्धती दुसरीपेक्षा सरस नसते; समस्येच्या स्वरूपाची जाण असेल तरच लाभ होतो. २०१० मध्ये ओल्सन यांच्याच संस्थेतून आलेल्या ऑटोडॉक व्हिना या प्रणालीने जनुकीय अल्गोरिदम बाजूला ठेवून उताराच्या गणितावर आधारलेला स्थानिक शोध स्वीकारला आणि तिचा वेग सुमारे शंभर पटींनी वाढला. २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक प्रथिनांच्या संगणकीय रचनेसाठी व रचनेच्या पूर्वानुमानासाठी दिले गेले. तेथील मुख्य साधन शिकणारी जाळी हे आहे. साधने बदलत गेली. जुळणे म्हणजे पुरावा का, हा प्रश्न मात्र कायम राहिला.

हा प्रश्न महाविद्यालयांपासून दूरचा नाही. अशा प्रणाली शैक्षणिक कामासाठी विनामूल्य उपलब्ध असल्याने पदवी व पदव्युत्तर विद्यार्थीही त्यांचा वापर करून प्रकल्प सादर करू शकतात. ही संधी मोठी आहे. परंतु प्रकल्पाच्या शेवटी अमुक वनस्पतीतील रेणू अमुक रोगावर गुणकारी आहे असे विधान केवळ डॉकिंगच्या अंकावरून केले जाते, तेव्हा लँग्ली ते कोल्कून या परंपरेने जपलेला संशयच गमावला जातो. त्याची किंमत अखेरीस त्या विधानावर विश्वास ठेवणारा रुग्ण मोजतो.

निष्कर्ष

१) ग्राहीचे गणित ग्राहीच्या प्रत्यक्ष दर्शनाच्या कित्येक दशके आधी सिद्ध झाले. अमूर्त संकल्पनेवरही जीवरक्षक औषधे उभी राहू शकतात, हे प्रोप्रॅनोलॉल व सिमेटिडिन यांच्या उदाहरणांवरून दिसते.
२) सूत्राशी आलेख जुळणे हा सूत्रातील प्रत्येक अंकाचा अर्थ खरा असल्याचा पुरावा नव्हे. शिल्ड यांची रीत कमी गृहीते धरून चालली म्हणून टिकली.
३) उत्क्रांतिनिष्ठ अल्गोरिदमांचा निसर्गाशी संबंध प्रेरणेचा आहे, अनुकरणाचा नाही, लामार्कीय पद्धतीचे यश हे त्याचे निदर्शक आहे.
४) दोन्ही प्रवाहांतील उत्तम संशोधकांनी आपल्या प्रतिमानाच्या उणिवा, त्रुटी व अपयशाची टक्केवारी स्वतःहून प्रसिद्ध केली. या क्षेत्राची प्रगती त्या प्रामाणिकपणातून झाली आहे.

समारोप

औषधनिर्माणशास्त्र, गणित, संगणकशास्त्र व इतिहास हे विभाग एकाच महाविद्यालयाच्या आवारात असूनही त्यांचा परस्पर संवाद क्वचितच होतो. डॉकिंगचा प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्याला त्या अंकाची त्रुटी किती, ती कोणत्या जोड्यांवरून काढली आणि त्या अंकातून काय सांगता येत नाही, हे तीन प्रश्न विचारण्याची प्रथा प्रत्येक विभागाने पाडली, तरी विज्ञानाच्या इतिहासाचे अध्यापन प्रयोगशाळेपर्यंत पोहोचले असे म्हणता येईल. या प्रश्नांची उत्तरे शोधताना विद्यार्थी आपोआप १९९८ च्या, १९५६ च्या आणि १९०५ च्या मूळ लेखांकडे वळेल.